आक्काने फिरवलेली छत्री

पाऊस संपला की आमच्या भागात माणसं घरांवर चढतात. पडवीला बांधलेल्या झावळ्यांच्या झड्या सोडायच्या, सरकलेली कौलं बसवायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. गेल्या वीसेक वर्षांत त्यात आणखी एक काम वाढलं. चार महिन्यांच्या वाऱ्याने हललेली टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, पुन्हा जागेवर आणायची.

परवा सुट्टीच्या सकाळी तळेऱ्याला माझ्या घरासमोरच्या स्लॅबवर शेजारी असाच चढला आणि चित्र आलं का म्हणून ओरडायला लागला.

"इलां काय?"

आतून बायको ओरडली, "नाय ओ!"

"आता?"

"नाय!"

"आता बघ!"

"इलां! इलां! ...गेलां!"

आजूबाजूचे हसत होते. मी खिडकी लावून घेतली. हातातला कप बशीवर आदळला. रागाने. एवढी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, शाळेत मुलांना राग आवरायला मीच शिकवते, आणि तरी हे असं होतं. घड्याळात साडेदहा वाजायला आले होते. ऑक्टोबरमधलं साडेदहाचं ऊन कुठून येतं ते मला न बघता सांगता येतं. ते आग्नेयेकडून येतं, समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं तर उजव्या डोळ्याच्या जरा उजवीकडून. हे मला आक्काने शिकवलं. दोन हजार सहा सालच्या ऑक्टोबरात.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सुमन. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. तिच्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे, कारण मारून उपयोग नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. वाडीत ती 'मुकी' होती. आमच्या घरी तिला बोलवायची पद्धत म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा, नाहीतर खडा मारायचा. खडा दादा मारायचा. दादा आमचा मधला भाऊ, तिच्याहून वर्षभराने लहान. बाबा गेल्यापासून घरात त्याचा शब्द चाले. तो लागायला फार जोरात मारायचा असं नाही. पाठीवर, दंडावर, टिचकीसारखा. पण खडा तो खडाच. मी कधी मारला नाही, असं मी बरीच वर्षं अभिमानाने सांगत असे. मी तिचा पदर ओढायचे.

लहानपणी तिला घाटावरच्या एका निवासी शाळेत ठेवलं होतं. तिथे वर्गात ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवत आणि हात हलवले तर हातावर छडी बसे. पण दिवे मालवायच्या आधी, न्हाणीघरात, जेवणाच्या रांगेत मुली हातांनीच बोलत. तिथे तिला एक नावही मिळालं होतं. तिच्या उजव्या भुवईवर लहानपणची खोक आहे. भुवईवरून बोट ओढलं की ती म्हणजे सुमन. बाबा गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. दादा तिला घरी घेऊन आला, आणि त्या दिवसापासून तिला तिच्या नावाने बोलवणारं कोणी उरलं नाही. घरात आम्हाला वीसेक खुणा येत. जेव, ये, जा, मासे, पाणी, पैसे, गप्प. आणि एक खूण आम्ही सगळ्यात जास्त वापरायचो. पंजा उडवल्यासारखा हलवायचा. म्हणजे 'काही नाही'. आम्ही हसलो, भांडलो, कोणाची बातमी आली, कोण वारलं, की ती सगळ्यांच्या तोंडांकडे बघत विचारायची, काय झालं? आणि आम्ही पंजा उडवायचो. काही नाही.

अशी ती दहा वर्षं राहिली. आई जामसंड्याच्या बाजारात मासे विकायला बसायची, आक्का तिच्यासोबत टोपली घेऊन जायची, आणि उरलेले दिवस घरापुढच्या खळ्यात बांगडे वाळत घालायची. मी कणकवलीच्या कॉलेजात होते, पण त्या वर्षी पावसानंतर सुट्टीत घरीच होते.

आमची वाडी टेकडीच्या आडोशाला, समुद्राच्या अंगाला. जुन्या काड्यांच्या अँटेनाला तिथे आवाज यायचा, चित्र नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. घरातली माणसं संध्याकाळी त्या मुंग्यांसमोर बसून मालिका ऐकत, हसत, डोळे पुसत. आक्का आमच्यामध्ये बसून मुंग्या बघायची. आज मला याचा जेवढा संताप येतो तेवढा क्वचित कशाचा येत असेल. दहा वर्षं एका बाईसमोर आम्ही मुंग्या ठेवल्या आणि तिला वाटलं असेल, टीव्ही म्हणजे असंच असतं.

त्या वर्षी दसऱ्याला दादाने जामसंड्याहून फुकट चॅनेलवाला डबा आणि छत्री आणली. एकदा घेतली की महिन्याला कोणाला काही द्यायला नको, सरकारी चॅनेल आणि आणखी काही चित्रासकट दिसतील, असं दुकानदाराने सांगितलं होतं. दादाने गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत लोखंडी पाइप रोवला, छत्री चढवली आणि दोन दिवस तो ती फिरवत राहिला. मी टीव्हीसमोर बसून ओरडत होते. डबा जोडला की टीव्हीच्या पडद्यावर दोन पट्ट्या येतात. एक वायर जोडली की भरते, ती खोटी. दुसरी खरी, सिग्नलची. ती दोन दिवस शून्यावर होती. दादाने डब्याला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, मला दिल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे होडीवर निघून गेला.

त्या दिवशी आक्का बाजारातून एकटीच लवकर परतली. टोपली ठेवली, हात धुतले आणि डब्यासोबत आलेलं चित्रांचं पुस्तक घेऊन उन्हात उभी राहिली. मग तिने मला ओढून खळ्यात नेलं. तिने हातांनी सांगितलं, मी कसंबसं समजले. जामसंड्याला दुकानावर एक छत्री आहे, बँकेवर एक आहे, डॉक्टरांच्या घरावर एक. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ती काल त्या छत्र्यांसमोर उन्हात उभी राहिली होती. साडेदहाला बँकेवरच्या छत्रीची सावली बरोब्बर छत्रीच्याच पाठीमागे पडली. म्हणजे छत्री त्या वेळच्या उन्हाकडे बघते.

घरच्या घड्याळात साडेदहाला पाच कमी होते.

तिने टीव्ही स्टुलासकट उचलून पडवीच्या उंबऱ्यावर आणला, खळ्यातून दिसेल असा. डोकीचा पदर काढून कमरेला खोचला. पाइपची सावली ज्या रेषेत पडली होती त्या रेषेवर एक काडी ठेवली आणि छत्रीचं तोंड उलट दिशेला, उन्हाकडे आणलं. मग पान्याने नट इतका सैल केला की छत्री हलावी पण पडू नये. आणि मग ती इतकी हळू फिरवायला लागली की मला वाटलं ती थांबलीच आहे. वर खाली. डावीकडे केसाएवढं. तिचे डोळे पडद्यावरच्या पट्टीवर. दादा दोन दिवस ओरडत होता, कारण तो आणि पट्टी यांच्यामध्ये एक भिंत आणि एक बहीण होती. आक्काला मध्ये कोणी नकोच होतं.

पट्टी हलली. बारा. वीस. पुन्हा शून्य. आक्का मागे आली. वीस. पस्तीस. साठ.

तिने नट आवळला, रिमोट घेतला आणि पुस्तकात दाखवल्याप्रमाणे शोधाचं बटण दाबलं. एकेक नाव पडद्यावर चढत गेलं. मग एकदम चित्र. एक माणूस शेतात उभा राहून काहीतरी सांगत होता. त्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा दिसत होती. आक्का पुढे होऊन काचेला नाक लावून बघत राहिली. तिला टीव्ही दिसत होता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आणखी एक गोष्ट झाली. आई आणि मी जेवायला बसलो होतो, आक्का चॅनेल बदलत होती. एकदम तिने माझं मनगट पकडलं, उष्ट्या हाताचं, आणि इतक्या जोरात की भात सांडला. पडद्यावर साध्या निळ्या साडीतली एक बाई होती आणि ती हातांनी बोलत होती. बहिऱ्यांसाठीच्या बातम्या. पंधरा मिनिटांच्या, आठवड्यातून एकदा.

आक्काचे हात मांडीवर होते आणि ते हलत होते. बाई जे म्हणत होती त्यातलं काही ते पुन्हा म्हणत होते. दिल्लीकडच्या खुणा आणि तिच्या शाळेतल्या खुणा सगळ्या सारख्या नव्हत्या. निम्मं कळत असेल, निम्मं नाही. पण दहा वर्षांनी कोणीतरी तिच्याशी बोलत होतं. बातम्या संपल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिने भराभर सांगायला सुरुवात केली. पूर. कुठेतरी रेल्वे. कोणीतरी मोठा माणूस गेला. हात थांबतच नव्हते. मला काही कळत नव्हतं. मी मान डोलावली. मान डोलावत राहिले. तिला ते समजलं. ती मधेच थांबली, ताटाभोवती सांडलेला भात गोळा केला आणि आत गेली.

त्या ऑक्टोबरात वाडीतून, पलीकडच्या वाडीतून लोक यायला लागले. आमच्याकडे चित्र दिसतं हे पसरलं होतं. आक्का घरोघर गेली. कमरेला पाना, हातात काडी. ज्या घरी आंबा आड येई तिथे ती पाइप मागच्या परड्यात रोवायला लावायची, माड आड येई तिथे विहिरीपाशी. ढग असले तर सूर्य दिसेपर्यंत स्वस्थ बसून राहायची. पण घरोघर सोबत दादा असायचा. तो रिमोट धरून उभा राहायचा, घरमालकाशी बोलायचा, चहा घ्यायचा. आक्काचा चहा मागच्या दारी यायचा. निघताना लोक त्याची पाठ थोपटत. "तुझो हात चांगलो हा रे." दादा हसायचा. मी हे सगळं पाहिलंय. मी सोबत असायचे, आक्काला काय सांगायचं ते सांगायला.

दिवाळीआधी दुकानदाराने, सगळे त्याला शेट म्हणत, आम्हाला तिघांना दुकानात बोलावलं. त्याला छत्र्या बसवायला एक कायमचा माणूस हवा होता.

"इतक्यो छत्र्यो लायल्यो कोणी?" त्याने विचारलं.

"मीच," दादा म्हणाला.

मी दुकानातल्या पंख्याकडे बघत राहिले. आक्का शेटचे ओठ बघत होती, मग दादाचे, मग माझे. तिने मला विचारलं, काय म्हणतायत?

मी पंजा उडवला. काही नाही.

शेटने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. काम ठरलं. परत येताना एसटीत आक्का खिडकीबाहेर बघत होती. मी स्वतःला समजावत होते की घरातच तर काम आलंय, दादाला काय आणि आक्काला काय. लग्न न झालेल्या, ऐकू न येणाऱ्या बाईला कोण घराघरात पाठवणार. दादाही घरी आईला हेच म्हणाला, "तिका कसा धाडूचा लोकांच्या घरात?"  आई मासे साफ करत होती. खवल्यांवर सुरी फक्त जोरात फिरली.

काम दादाचं आणि हात आक्काचे. असे दोन आठवडे गेले. मग तो रविवार आला.

आमच्या भागात एक पुढारी होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांच्या वाडीतल्या भजनी मंडळाचं मुंबईला चित्रीकरण झालं होतं आणि त्या रविवारी दुपारी दीड वाजता ते मराठी सरकारी चॅनेलवर दाखवणार होते. भाऊंनी नवीन छत्री घेतली, गावजेवण ठेवलं, मंडळाला धुतलेल्या सदऱ्यांत बोलावलं. छत्री बसवायला दादा. दादाने सकाळी खळ्यात बसलेल्या आक्काला खडा मारला. तिने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, टीव्ही दाखवला, मग दोन्ही हात हलवून दाखवले. आज रविवार. तिच्या बातम्या एक वाजता.

"तिका सांग, थंय बघ म्हणान," दादा मला म्हणाला. "भाऊंच्या टीव्हीर."

मी तसं सांगितलं. वचन दिल्यासारखं सांगितलं.

भाऊंच्या खळ्यात ऊन स्वच्छ होतं. तिने अर्ध्या तासात छत्री लावली, त्र्याहत्तरपर्यंत पट्टी नेली, सगळी चॅनेल शोधून ठेवली. मराठी चॅनेल लावून दाखवलं. माणसं खूश झाली. एकला पाच कमी असताना तिने रिमोट घेतला, दुसरं चॅनेल लावलं आणि माजघरात जमिनीवर टीव्हीसमोर बसली. निळ्या साडीतली बाई आली.

"ह्या काय लायल्यान?" कोणीतरी म्हणालं.

"बातम्यो," मी म्हटलं. "पंधरा मिंटांत संपतत. भजनाक आजून येळ आसा."

"मुकेक बातम्यो कित्याक व्हयेत?"

हशा झाला. भाऊंचा पुतण्या पुढे आला, आक्काच्या मागे उभा राहिला आणि पडद्यावरच्या बाईची नक्कल करायला लागला. बोटं गरगर फिरवली, पोटावर थापा मारल्या, नाक चिमटीत धरलं, डोळे फिरवले. भजनी मंडळ गडाबडा लोळायचं बाकी राहिलं. दादाही हसला.

आणि मी हसले.

फार नाही. त्या सगळ्यांत मी एकटीच गंभीर कशी दिसू, एवढ्यासाठी ओठ ताणावेत तेवढंच. पण हसले.

आक्काला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ती बघत होती, मांडीवर तिची बोटं हलत होती. मग दादाने वाकून तिच्या हातातला रिमोट घेतला आणि बटण दाबलं. डब्यावर चॅनेल बदललं की मध्ये क्षणभर पडदा काळा होतो. त्या काळ्या काचेत सगळं माजघर दिसलं. तिच्यामागे हात उडवणारा पुतण्या, दात काढलेली माणसं, दादा आणि मी.

ती उठली. कोणाकडे बघितलं नाही. माणसांमधून वाट काढत बाहेर गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. मी तिच्यामागे गेले ती दारापर्यंतच.

तिने कमरेचा पाना काढला, नट सैल केला, छत्री दोन्ही हातांनी धरली आणि एका झटक्यात उलटी फिरवली. छत्रीचं तोंड समुद्राकडे झालं, जिकडे होड्या आणि पाणी यांच्यापलीकडे काही नाही. आत ओरडा झाला. तिने नट पुन्हा आवळला, पायाचा जोर लावून आवळला. मग विहिरीपाशी गेली आणि पाना आत टाकला. पाण्याचा आवाज आम्ही ऐकला. ती चालायला लागली.

नंतरचा पाऊण तास जे झालं ते मी विसरू शकत नाही. दादाने कोणाच्या तरी रिक्षातला पाना आणला. तो छत्री फिरवत होता आणि आतून तीस माणसं ओरडत होती.

"इलां काय?"

"नाय!"

"आता?"

"नाय रे, मेल्या!"

दीड वाजला. पावणेदोन झाले. धुतलेल्या सदऱ्यांतली माणसं पडद्यासमोर बसून राहिली. त्यांतला एक म्हातारा पखवाजवाला होता, तो मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवून बसला. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तो नकलेला हसला नव्हता. त्याचं भजन त्याला कधीच बघायला मिळालं नाही. पण त्या वाईट वाटण्याने माझा राग कमी होत नाही. त्यांना पंधरा मिनिटं थांबता आलं असतं. पंधराच मिनिटं.

घरी पोचल्यावर दादाने हात उगारला. आक्का त्याच्यासमोर सरळ उभी राहिली, डोळे मिटले नाहीत. आईने मध्ये येऊन त्याचं मनगट धरलं. माशांच्या टोपल्या उचलून आईचे हात किती घट्ट झालेत ते दादाला त्या दिवशी कळलं असावं. तो निघून गेला.

आक्काने छत्र्यांचं काम बंद केलं. आठ दिवस ती बांगडे वाळवत राहिली.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. आक्काने शेटच्या दुकानात चार वर्षं काम केलं. नंतर कणकवलीला गेली, टीव्ही, मिक्सर, पंखे दुरुस्त करायला शिकली. तिथेच तिला तिच्यासारखाच ऐकू न येणारा जोडीदार मिळाला. आता त्यांचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. ती मला व्हिडिओ कॉल करते. मी तिशी उलटल्यावर रीतसर खुणांची भाषा शिकले. अजून चुकते, आणि ती अजून चिडते. दादा होडीवरच राहिला. ते दोघं बोलतात, पण सणावारीच. हे सगळं ठीक झालं असं लोक म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. सोळा ते सव्वीस, ही दहा वर्षं तिला कोणी परत दिली नाहीत आणि घेणारे आम्ही होतो. कोणी परकं नव्हतं.

त्या आठ दिवसांनंतरचा नववा दिवस. सकाळची वेळ, खळ्यात ऊन आलेलं. शेट स्वतः आमच्या दारात आला. पाच घरांच्या छत्र्या खोळंबल्या होत्या, दादाला एकही लागत नव्हती. खरा हात कोणाचा, हे एव्हाना जामसंड्यापर्यंत पोचलं होतं. आक्का पडवीच्या पायरीवर बसली होती. शेट तिच्यासमोर उभा राहून माझ्याशी बोलायला लागला.

"तिका सांग, झालां ता झालां. उद्यापासून कामार येवक सांग. तुझ्या भावाक नको, तिकाच घेतंय."

मी आक्काला सांगितलं. यावेळी पंजा उडवला नाही. घरातल्या वीस खुणा, माझे ओठ, जमिनीवर बोटाने काढलेली अक्षरं, जे जमेल ते वापरून सगळं सांगितलं.

ती विचार करत होती. मग तिने हात हलवले आणि मी शेटला सांगितलं, "ती म्हणता, माझ्याकडे बघून बोला."

"तांच तर सांगतंय," शेट माझ्याकडे बघत म्हणाला.

"माझ्याकडे नको, शेटनू. तिच्याकडे."

त्याने मान वळवली. त्याला ते जड गेलं. इतकी वर्षं आई मासे विकत असताना तिच्याशेजारी बसलेल्या बाईच्या तोंडाकडे त्याने बहुधा पहिल्यांदाच सरळ बघितलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, ओठ उघडून. आक्काने ते वाचलं. तिने दोन अटी सांगितल्या. रविवारी काम नाही. आणि चहा पुढच्या दारी. मी एकेक सांगत गेले. शेट मान हलवत गेला.

"बरां," तो म्हणाला, "पण घराघरात तिच्यावांगडा, तिच्या सोबतीक, बोलूक कोण? ही येतली मां?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

आक्काने माझ्याकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही. मग माझ्याकडे बोट केलं, आणि मग दोन बोटं स्वतःच्या ओठांच्या कोपऱ्यांना लावून ती बाजूला ताणली. ही खूण समजायला शाळा लागत नाही.

"काय म्हणता ती?" शेटने विचारलं.

मला काहीही सांगता आलं असतं. कॉलेज आहे म्हणून, वेळ नाही म्हणून. आक्का माझे ओठ बघत होती.

"ती म्हणता," मी म्हटलं, "हिका नको. ही हसली."

 शेट गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.  आई आतून आली. तिने टोपली भरायला घेतली होती, हाताला बर्फाचं पाणी होतं. ती शेटकडे वळलीच नाही. आक्कासमोर पायरीवर बसली, तिची हनुवटी ओल्या बोटांनी वर केली, आणि माझी आई, जी आयुष्यात मासळीचा भाव सोडला तर कशावरून कोणाशी चढ्या आवाजात बोलली नव्हती, ती तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून, रागाने म्हणाली,

"मी येतंय तुझ्यावांगडा."

हे मला आक्काला सांगावं लागलं नाही.